चित्रकार गंगाराम तांबट

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुणे शहर मराठी राज्याच्या कारभाराचे केंद्र होते. सवाई माधवराव पेशवे गादीवर होते आणि राज्याची धुरा नाना फडणीस वाहत होते. त्या काळी गंगाराम चिंतामण तांबट हे पुण्यातील एक कुशल चित्रकार होते.

१७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हे इंग्रजांचे वकील म्हणून पेशव्यांच्या दरबारी आले. गंगारामांचा हात किती सधा आहे, हे त्यांनी ओळखले व त्यांना काम दिले. १७९० मध्ये गंगारामांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र रेखाटले. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार पुण्यास आला. शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली. वेल्सच्या सहवासात गंगारामांना पाश्चात्त्य चित्रपद्धतीचा परिचय झाला.

१७९३ च्या सुमारास मॅलेटसाठी गंगारामांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. हे काम सोपे नव्हते. कैलास लेणे दगडावर दगड रचून बांधलेले नाही. ते अखंड डोंगर वरून खाली कोरीत घडविलेले आहे. शिवाय, छायाचित्रणाची कला तेव्हा जन्मासही आली नव्हती. डोळ्यांनी पाहावे आणि हाताने कागदावर उतरवावे, एवढाच मार्ग होता. खांबांची घडण, दारांवरील नक्षी, भिंतींवरील मूर्ती हे सारे गंगारामांनी निष्ठेने टिपले. शाईच्या फिक्या व गडद छटांनी त्यांनी पाषाणाची खोली कागदावर उभी केली.

१७९५ मध्ये सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू झाला. त्याच वर्षी साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांचे काम करीत असता वेल्सही निवर्तला. चित्रशाळेचा आधार तुटला. १७९७ मध्ये मॅलेट यांनी पुणे सोडले.

१८०३ मध्ये लंडन येथे वेरूळच्या चोवीस दृश्यांचा एक भव्य चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात वेल्स व टॉमस डॅनियल या दोघांची नावे झळकली. मात्र त्यांच्या आधी वेरूळ रेखाटणाऱ्या गंगारामांचे नाव त्यात नव्हते.

परंतु खरे काम फार काळ झाकून राहत नाही. गंगारामांची अनेक चित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत आणि तेथे ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. वेरूळच्या शिल्पकारांची नावे काळाने पुसून टाकली. त्यांचे शिल्प कागदावर आणणाऱ्या या पुणेकर चित्रकाराचे नाव तरी आपण विसरू नये.