चूक शोधणारा शल्यविशारद : थिओडोर कोखर

गलगंड म्हणजे गळ्यातील थायरॉईड ग्रंथीची वाढ. ही ग्रंथी श्वासनळीला बिलगून असते. त्यामुळे गाठ मोठी झाली की श्वासनळी चेपते. रोग्याला उताणे झोपवत नाही, घास अडतो. आवाजाच्या नसेवर दाब आला तर आवाज घोगरा होतो. गाठ छातीच्या हाडामागे उतरली, तर दोन्ही हात वर करताच चेहरा लालबुंद होतो. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या डोंगराळ मुलुखात असे रोगी गावोगाव होते. माती-पाण्यात आयोडिन कमी, हे त्याचे कारण. शस्त्रक्रिया करावी तर रक्तस्रावानेच रोगी दगावत.

अशा देशात, बर्न शहरी, २५ ऑगस्ट १८४१ रोजी थिओडोर कोखर यांचा जन्म झाला. १८७२ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, ते बर्न विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. लिस्टरची जंतुनाशक पद्धत त्यांनी स्वीकारली. घाई न करता, एकेक रक्तवाहिनी बांधून ते ग्रंथी काढीत. सुरुवातीला शेकडा बारा-तेरा असलेले मृत्यू पुढे एक टक्क्याच्याही खाली आले. रोगी मोकळा श्वास घेत घरी जाऊ लागले. सर्वत्र वाहवा झाली.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. १८७४ मध्ये त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली होती. पूर्वी तिच्यासारखीच दिसणारी धाकटी बहीण उंच वाढली. ही मात्र खुजी आणि मंद राहिली. जिनिव्हाचे शल्यविशारद रेव्हर्दँ यांनीही असाच अनुभव सांगितला. तेव्हा कोखर यांनी आपल्या जुन्या रोग्यांना परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेले १८ जण तपासले, त्यांतील १६ जणांची प्रकृती खालावलेली! थकवा, सुजट चेहरा, थंडी न सोसणे, मंदावलेली बुद्धी. गाठ गेली, श्वास मोकळा झाला. पण ग्रंथीबरोबर शरीराची ऊबही गेली होती.

हे त्यांना झाकता आले असते. पण १८८३ साली बर्लिनच्या परिषदेत त्यांनी ते स्वतः जाहीर केले. साध्या गलगंडात ग्रंथीचा काही भाग राखायचाच, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. थायरॉईडचे शरीरातील महत्त्व जगाला कळले, त्यात या कबुलीचा वाटा मोठा आहे.

१९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले शल्यविशारद. २७ जुलै १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९२२ पासून स्वित्झर्लंडमध्ये आयोडिनयुक्त मीठ आले. भारतातही १९६२ साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आपण विद्यार्थी उत्तरपत्रिकेतील गुण मोजतो, चुका मोजत नाही. यशाच्या शिखरावर असताना मागे वळून आपली चूक मोजणारा हा माणूस म्हणूनच मला मोठा वाटतो.