हॅरी क्रो बक : मैदानावरील एक सेवक



खडकवासल्याच्या धरणाजवळील रस्त्यावर भल्या पहाटे पोलीसभरतीसाठी धावणारी मुले आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तेथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जिची कोनशिला 1949 साली बसविण्यात आली, शरीरशिक्षण हे नित्याच्या अभ्यासाचेच अंग आहे. अशा तरुणांस धावण्या-खेळण्याचे शिक्षण देणाऱ्या मनुष्यास प्रभूचा सेवक म्हणता येईल काय? सेवक म्हटला की त्याच्या हाती पवित्र शास्त्र असावयाचे. गळ्यात शिट्टी अडकवून उन्हात उभा राहणारा तो सेवक कसला, अशी आपल्या मंडळ्यांतून समजूत आहे. हॅरी क्रो बक यांच्या चरित्रापुढे ती टिकत नाही.

बकसाहेबांचा जन्म 1884 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात झाला. तरुण ख्रिस्ती संघाच्या, म्हणजे वाय. एम. सी. ए.च्या, स्प्रिंगफील्ड येथील विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. बास्केटबॉलचा खेळ 1891 साली जेथे निघाला तेच हे विद्यालय. शरीर, बुद्धी व आत्मा या तिन्ही देवाच्याच देणग्या असून एकीची हेळसांड करून दुसरीची वाढ व्हावयाची नाही, ही तेथील शिकवण. ती घेऊन ते 1919 साली मद्रासेस आले.

त्या काळी आपल्या शाळांतून व्यायाम म्हणजे बहुधा कवायत, आणि ती शिकविणारा पुष्कळदा पलटणीतून निवृत्त झालेला शिपाई असे. हुकूम सुटावा व पोरांनी हातपाय हलवावे, एवढेच. खेळातून मूल सत्याने वागण्यास शिकते, हार सोसण्यास शिकते, ही दृष्टी तेथे कोठून असणार? बकसाहेबांनी ओळखले की मुलांच्या आधी शिक्षक घडविले पाहिजेत. म्हणून 1920 साली त्यांनी मद्रासेस शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. पहिले विद्यार्थी अवघे पाच! मोहरीच्या दाण्याचा दाखला आपल्याला पाठ आहे, पण पाच मुलांवर शाळा उघडण्याची छाती आपल्यापैकी किती जणांस होईल?

विलायती खेळांबरोबर देशी खेळांसही त्यांनी अभ्यासक्रमात मान दिला. मद्रासकडे ज्याला चेडुगुडु म्हणतात तो आपला हुतुतूच. हुतुतूत गडी धरावा लागतो. त्याची जात विचारून धरता येत नाही. ज्यांच्या वाडवडिलांस गावच्या विहिरीपासून दूर उभे राहावे लागले, त्या आपल्या लोकांना याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही.

आपल्या पुण्याशीही या हकीकतीचा धागा जुळतो. सर दोराबजी टाटा हे डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील शर्यतींत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना पाहून त्यांना आशा वाटली, व 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस येथील गडी पाठविण्यात आले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत 19 वे आले. परंतु नुसत्या हौसेने काम भागणार नव्हते. प्रांतोप्रांती संघटना व योग्य शिक्षण हवे होते. त्यासाठी टाटा वाय. एम. सी. ए.कडे वळले. डॉ. नोहरेन व बकसाहेब यांनी देशभर फिरून प्रांतिक ऑलिंपिक संघ उभे करण्यास साहाय्य केले. 1924 च्या फेब्रुवारीत दिल्लीस अखिल भारतीय सामने झाले, आणि त्यांतून निवडलेल्या लहानशा चमूस घेऊन बकसाहेब व्यवस्थापक या नात्याने पॅरिसला गेले.

याच पॅरिसच्या सामन्यांत स्कॉटलंडच्या एरिक लिडेलने रविवारी धावण्याचे नाकारले आणि पुढे 400 मीटरची शर्यत जिंकली. तोही नंतर चीनमध्ये मिशनरी शिक्षक झाला, मुलांना खेळ शिकवू लागला, व 1945 साली जपान्यांच्या बंदिछावणीत वारला. त्याचे नाव जगभर गाजले व ते योग्यच झाले. बकसाहेबांच्या धावपटूंना मात्र एकही पदक मिळाले नाही. माझ्या मते खेडोपाडी काम करणाऱ्या उपदेशकाने त्यांचेच चरित्र अधिक लक्षपूर्वक वाचावे. कारण आपल्यालाही बहुधा पदकावाचूनच परतावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मुलांपुढे उभे राहावे लागते.

बकसाहेब परतले ते आपल्या विद्यालयाकडेच. पुढे सैदापेठेस अड्यार नदीकाठी त्याला विस्तीर्ण जागा लाभली. सर्व धर्मांचे विद्यार्थी तेथे एका मैदानावर घाम गाळू लागले व शिकून आपापल्या प्रांतीच्या शाळांत गेले. खेळांच्या नियमांचे बकसाहेबांचे पुस्तक तर पुष्कळ क्रीडाशिक्षकांच्या हाती असे. नियमांचे पुस्तक ही रुक्ष वस्तू खरी. पण पंचाने श्रीमंताच्या पोराला व मजुराच्या पोराला एकाच मापाने मोजावयाचे, तर ते लिहिलेले हवेच.

1943 साली, महायुद्ध चालू असतानाच, त्यांचे निधन झाले. पाच विद्यार्थ्यांनिशी निघालेल्या त्या विद्यालयाने 2020 साली आपली शंभर वर्षे पुरी केली.