कै. बाबा आमटे आणि माडिया बांधव

आपल्या नांदेड-लातूरच्या मुलुखास रानावनातील लोक परके नाहीत. किनवट व माहूरच्या डोंगरांत गोंड, कोलाम, आंध व प्रधान यांची वस्ती पूर्वापार आहे. रुग्णसेवेचे व्रत घेतलेल्यांनी अशा लोकांकडे कोणत्या वृत्तीने जावे, या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्याने दिले, त्या बाबा आमटे यांचे अल्पचरित्र या ज्युबिलीच्या मंगलप्रसंगी आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. वकिलीची परीक्षा देऊन ते वरोड्यास राहू लागले. तेथे भंगीकाम करणाऱ्यांचे कष्ट कळावेत म्हणून त्यांनी मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावर वाहिली. त्याच काळात, पाऊस पडत असता, कुष्ठाने झडलेला तुळशीराम नावाचा एक मरणोन्मुख मनुष्य त्यांच्या दृष्टीस पडला. निर्भय म्हणून नावाजलेले बाबा भयाने घरी पळाले. परंतु त्या भयाची लाज त्यांस स्वस्थ बसू देईना. ते परत फिरले व त्यांनी त्याची शुश्रूषा केली. असिसीकर संत फ्रान्सिस यांचे चरित्र जाणणाऱ्या आमच्या वाचकांस या प्रसंगाचे मोल सांगणे नलगे.

पुढे कलकत्त्यास कुष्ठोपचाराचे शिक्षण घेऊन बाबांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली आणि पत्नी साधनाताई, दोन तान्ही मुले व मूठभर रोगी यांसह वरोड्याजवळील खडकाळ रानात आनंदवन वसविले. तेथे रोग्यांनीच विहिरी खणल्या व शेते पिकविली. भिक्षेने मनुष्य लहान होतो आणि श्रमाने तो पुन्हा ताठ उभा राहतो, हे त्या संस्थेचे सूत्र होते.

हेच सूत्र घेऊन बाबा भामरागडच्या अरण्याकडे वळले. तेथील माडिया गोंड परक्यास पाहताच झाडीत पळून जात. त्यात नवल ते काय? बाहेरून येणारा बहुधा त्यांस लुबाडण्यासच येई. मूठभर मिठासाठी मोलाचा रानमेवा घेऊन जाई. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ केला. एकोणसाठाव्या वर्षी, पाठीचे दुखणे सोशीत, त्यांनी हे नवे कार्य आरंभिले आणि त्याची धुरा पुत्र डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी यांनी खांद्यावर घेतली.

औषध तयार होते, वैद्य तयार होते. परंतु रोगी येईना. तेव्हा या दांपत्याने लोकांस दोष दिला नाही. त्यांनी माडिया भाषा शिकून घेतली, झोपडीत संसार मांडला आणि वाट पाहिली. ज्यांच्या अंगावर पुरते वस्त्र नाही त्यांच्यात वावरताना डॉक्टरांनीही उंची पोशाख टाकून अर्धी विजार व बंडी पत्करली. अपस्माराच्या झटक्यात विस्तवात पडून भाजलेला एक रुग्ण त्यांच्या हातून बरा झाला, तेव्हा ती वार्ता पाड्यापाड्यांत पोहोचली. मग हिवताप, क्षय, सर्पदंश, अस्वलाने फाडलेले देह असे सारे दारी येऊ लागले. झाडाखाली उपचार चाले व आप्तजन तेथेच चूल मांडीत. वीज नसल्याने कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया होत. नुसती औषधे देऊन फसवणूक थांबत नाही, हे ओळखून १९७६ साली शाळाही काढण्यात आली. तिच्यात शिकलेली माडिया मुले पुढे डॉक्टर व वकील झाली.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांनी देह ठेविला आणि तेथल्याच मातीत ते विसावले. त्याच वर्षी डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आमच्या मते या चरित्राचे सार एवढेच की, ज्याची सेवा करावयाची त्याच्या दारी धनी म्हणून न जाता पाहुणा म्हणून जावे. पाहुणा आधी घरच्यांची भाषा ऐकतो, मग बोलतो. आमच्यापैकी जे कोणी औषधांची पेटी घेऊन किनवटच्या पाड्यांवर जातील, त्यांस परमेश्वर ही नम्रता देवो.