राजर्षी शाहू छत्रपती : पंचगंगा खोऱ्याचे भाग्यविधाते

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ साली दत्तकविधानाने करवीरचे शाहू छत्रपती झाले. विद्यार्थिदशेतच, १८८८ साली, त्यांच्या हस्ते कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कामाचा शुभारंभ झाला आणि १८९१ मध्ये आगगाडी धावू लागली.

१८९४ साली राज्यसूत्रे हाती येताच महाराजांनी पुढच्याच वर्षी शाहूपुरी पेठ वसविली. खोऱ्यातील गुळास हक्काची बाजारपेठ लाभली. १९०६ साली शाहू मिलची पायाभरणी झाली. पुढे कित्येक पिढ्यांच्या चुली या गिरणीवर पेटल्या. भोगावतीवर राधानगरीचे धरण त्यांनी आरंभिले; परंतु द्रव्याअभावी ते अपुरे राहिले आणि स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेले.

पेठ आणि गिरणी उभारली, तरी शिक्षणावाचून बहुजनांच्या हाती हमालीच उरेल, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणूनच १९०१ साली त्यांच्या आश्रयाने दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले आणि आपल्या समाजातील शेतकऱ्यांच्या मुलांना शहरात निवारा मिळाला. त्या ऋणाची जाणीव ठेवूनच अण्णासाहेब लठ्ठे यांनी १९२४ साली महाराजांचे इंग्रजी चरित्र सिद्ध केले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांची प्राणज्योत मालवली. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!