उन्हाचा हिशेब शिकवणारे दाभोळकर गुरुजी

शेतकरी बंधूंनो, आपण पाण्याचा हिशेब ठेवतो, खताच्या पोत्यांचा ठेवतो. पण रानावर फुकट पडणाऱ्या उन्हाचा ठेवतो का? तो ठेवायला शिकवले श्री. अ. दाभोळकर यांनी. हे काही शेतकी खात्यातले साहेब नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठात ते गणित शिकवायचे.

त्यांचे म्हणणे सरळ होते. अन्न मातीत नव्हे, पानात तयार होते. उन्हाच्या जोरावर पान हवेतला कर्बवायू आणि मुळांनी ओढलेले पाणी यांची साखर करते. जोमातले एक चौरस फूट पान चांगल्या उन्हाच्या दिवसात सुमारे ३ ग्रॅम सुका माल बनवते, असे गणित त्यांनी मांडले. गुंठ्यात १०८९ चौरस फूट. म्हणजे गुंठाभर पान पसरले तर दिवसाला सव्वातीन किलो! अर्थात यात फळ, दाणा, पाला, मुळ्या सगळेच आले. पण पानावर पान चढले की खालचे सावलीत बसून नुसते खाते. म्हणून लागणीचे अंतर आणि छाटणी महत्त्वाची.

गुरुजींनी १९६६ साली 'प्रयोग परिवार' सुरू केला. एकाने प्रयोग करायचा, दुसऱ्याला कळवायचा. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी ही रीत उचलली. नीट नियोजन केले तर दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब जगेल, असे ते हिशेबाने सांगत. २००१ साली ते गेले.

पण हिशेब थांबला नाही. मुंबईत शेताला जमीन कुठली? तरी २००२ च्या सुमारास तिथल्या गोदीत, पोर्ट ट्रस्टच्या कामगारांचे जेवण रांधणाऱ्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, प्रीती पाटील यांनी याच पद्धतीने बाग उभी केली. भाजीची देठे-साली, पालापाचोळा, रसवंतीची चिपाडे यांचीच माती केली. ऊन तर गच्चीवर होतेच.

अमेरिकेत २०१६ साली शास्त्रज्ञांनी तंबाखूची जनुके बदलून, पानाची उन्हातली कमाई सुधारून, झाडाची वाढ सुमारे १५ टक्क्यांनी जास्त करून दाखवली. तसले बियाणे आपल्याकडे येईल तेव्हा येईल. ऊन मात्र आजच बांधावर आहे.

तेव्हा उद्या दुपारी बाराला रानात उभे राहा. पिकाच्या ओळींमधून उघड्या जमिनीवर किती ऊन पडतेय, बघा. भाऊसाहेब, पीक पाहणीला याल तेव्हा तुम्हीही बघा. जमिनीवर पडलेले ऊन म्हणजे हुकलेला घास.