प्राचीन लेखांचे उपासक डॉ. भाऊ दाजी लाड

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे गावाच्या भाग्याचा दिवस. परंतु त्या देवळाची हकीकत सांगणारा एखादा कोरीव दगड हातोड्याखाली जाण्याची भीतीही याच वेळी अधिक असते. अशा दगडांचे मोल दीडशे वर्षांपूर्वी ओळखणाऱ्या एका थोर पुरुषाचे स्मरण या मंगल प्रसंगी उचित ठरेल. ते पुरुष म्हणजे मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म इ. स. १८२२ साली गोव्यातील मांद्रे या गावी झाला. परिस्थिती बेताची होती. कुटुंब मुंबईस आल्यावर ते एल्फिन्स्टन संस्थेत शिकले व तेथेच शिक्षकही झाले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. कुष्ठरोगावर वनस्पतीच्या तेलाचा उपचार करण्यासाठीही ते प्रसिद्ध होते. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी पुरस्कार केला. मुंबईचे शेरीफ होण्याचा मान त्यांना दोनदा मिळाला.

एवढा व्याप सांभाळून या वैद्याने प्राचीन नाणी, ताम्रपट, पोथ्या व शिलालेख यांच्या शोधाचे व्रत घेतले. त्या काळी रानात पडलेल्या देवळांतील अक्षरे बहुतेकांस वाचता येत नसत. भाऊंनी पदरचा पैसा खर्चून लेखांच्या नकला व ठसे मिळविले. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी यांना जवळ करून त्यांनी दूरदूरच्या प्रांतांत पाठविले. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख वाचून प्रसिद्ध केले.

खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भाऊंनी तो उजेडात आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने मठ स्थापिला. त्या मठास शके ११२८ मध्ये मिळालेल्या दानाची नोंद या लेखात आहे. भास्कराचार्यांची वंशावळही त्यातच आहे, आणि शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. तो दगड कोणी पायरीला बसविला असता, तर ही सारी माहिती कायमची बुडाली असती.

अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेखही भाऊंनी वाचला. त्यातील साल त्यांनी शके ७८२ असे लावले. पुढे लेख पुन्हा तपासला गेला व ते साल शके ९८२ ठरले. यात भाऊंना काही कमीपणा नाही. वाचणाऱ्याची चूक पुढचा वाचणारा सुधारतो. मात्र त्यासाठी दगड जागेवर शाबूत असावा लागतो. मूळ दगडच गेला, तर चूक कोण व कशी सुधारणार?

भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय उभे करण्यात भाऊंचा मोठा वाटा होता. ते १८७२ साली लोकांस खुले झाले. १८७५ साल पाहणे मात्र भाऊंच्या नशिबी नव्हते. पक्षाघाताने जर्जर होऊन ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. १९७५ साली त्या संग्रहालयास त्यांचे नाव देण्यात आले.

आपला सोलापूर जिल्हाही या ठेव्याने संपन्न आहे. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे देवळाच्या तुळईवर शके ९४० चा लेख आहे. कालनिर्देश असलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. मैंदर्गी तर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांची भूमी. या सीमाभागात जुने कन्नड शिलालेख आणि वीरगळ ठिकठिकाणी आढळतात.

म्हणून गावकऱ्यांनी आणि दात्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. खोदताना वा भिंत उतरविताना अक्षरांचा किंवा मूर्तीचा दगड निघाला, तर त्यास छिन्नी लावू नये, चुना वा ऑइलपेंट फासू नये. तो कोठे सापडला ते लिहून ठेवावे, देवळाच्या आवारातच उन्हापावसापासून जपावा आणि जाणकारास दाखवावा. ज्या पूर्वजांनी हे देऊळ प्रथम उभारले, त्यांची नावे कदाचित त्याच दगडावर असतील. नव्या देणगीदारांच्या फलकाशेजारी त्यांनाही जागा मिळाली, तर जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.