चिमणीने दाखविलेली वाट

फाल्गुन मास आला की सातपुड्याच्या पायथ्याशी पळस केशरी फुलांनी पेटून उठतो. फुलांतील मध चाखण्यासाठी मैना, बुलबुल आणि इवले शिंजीर फांद्याफांद्यांवर गर्दी करतात. पुरुषोत्तमनगरसारख्या गावी हे दृश्य सहज दिसते. शहरातही वसंत येतोच. आमराई नसली तरी कोकीळ गातो आणि चिमणाचिमणी काड्या घेऊन भिंतीतील भोकापाशी येरझारा घालतात. आपण पाहतो आणि विसरतो. परंतु एका मुलाने अशीच एक चिमणी पाहिली आणि तो तिला जन्मभर विसरला नाही. तो मुलगा म्हणजे थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वयाची तीन वर्षे पूर्ण होतात न होतात तोच ते आईबापांविना पोरके झाले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी भाच्यांना मायेने वाढविले. मामांना शिकारीचा नाद होता. त्यांनी सलीमला छऱ्यांची एक बंदूक दिली. त्या बंदुकीने सलीमने एकदा एक चिमणी टिपली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कोणती चिमणी? मामांना सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले.

तो मुलगा बिचकतच आत गेला. सोसायटीचे चिटणीस मिलार्ड साहेब यांनी मात्र त्याचे प्रेमाने स्वागत केले. ती पीतकंठी चिमणी असल्याचे त्यांनी सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखविले. सलीमला जणू नवे जगच गवसले.

पुढील वाट मात्र सोपी नव्हती. महाविद्यालयाचे पहिलेच वर्ष अवघड गेले. काही काळ त्यांनी ब्रह्मदेशात आपल्या कुटुंबाच्या व्यवसायात घालविला. पण तेथेही मन रमे ते पाखरांतच! विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात त्यांना नोकरी लागली. अधिक ज्ञान मिळविण्यासाठी ते जर्मनीस गेले आणि १९३० मध्ये परतले, तो ती जागाच रद्द झालेली!

दुसरा कोणी खचून गेला असता. सलीम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची घरटी झाडावर लोंबत होती. गावकऱ्यांना त्यांचे नवल नव्हते. सलीम अली मात्र पावसाळ्याच्या दिवसांत तासन्‌तास त्यांच्याकडे पाहत बसले आणि दिसेल ते वहीत टिपत गेले. आपण त्या पक्ष्याला ‘सुगरण’ म्हणतो. पण घरटे विणणारा असतो नर! अर्धे विणून झाले की मादी येऊन ते पारखते. तिने पसंत केले तरच तो ते पुरे करतो. तिने अंडी घातली की स्वारी दुसरे घरटे विणावयास मोकळी! पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर घडणारी ही गोष्ट त्यांनी बारकाईने पाहिली आणि त्यांच्या लेखामुळे जगातील विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले. हाती नोकरी नव्हती, पदवी नव्हती. होती ती केवळ चिकाटी.

पुढे त्यांनी पक्ष्यांच्या शोधार्थ अवघा देश पायाखाली घातला. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने सामान्य वाचकांनाही पक्षी ओळखावयास शिकविले. रिप्ले या अमेरिकन शास्त्रज्ञासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. शासनाने त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण हे किताब दिले. शास्त्रासाठी पक्ष्यांचे नमुने जमविणे त्या काळी आवश्यक मानीत. त्यामुळे बंदूक त्यांच्याजवळ पुढेही राहिली. तथापि त्यांची खरी हत्यारे म्हणजे दुर्बीण आणि टिपणवही. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे वन सुरक्षित राहावे म्हणून त्यांनी आपले वजन खर्ची घातले. १९८७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

मुलांनो, दुर्मीळ पक्षी पाहण्यासाठी दूर जावे लागते. पण पाहावयास शिकण्यासाठी अंगणातील चिमणीही पुरेशी असते. उद्या सकाळी पळसाखाली क्षणभर थांबा. एखादे पाखरू ओळखू आले नाही तर लाजू नका. ते कसे दिसले, काय करीत होते, हे वहीत लिहा आणि जाणत्याला विचारा. सलीम अलींची वाटही अशाच एका प्रश्नापासून सुरू झाली होती.